झेंडेवाल्याचं नाव

मिराबाईचा नवरा तरुणपणी कपाशीवर फवारणाऱ्या विमानाला शेतातून झेंड्यानं वाट दाखवायचा. विमानाजवळचा त्याचा फोटोही होता. पण तांड्याचा नायक हसायचा, "जत्रेतल्या फोटोवाल्याचं पुठ्ठ्याचं विमान हाय ते!" म्हातारा थापाड्या म्हणूनच वारला. साक्षरता वर्गाच्या नाहिद मॅडमनी फोटो जुनी विमानं ओळखणाऱ्यांना पाठवला. तांड्यासमोर त्यांनी फोनवर आलेलं उत्तर वाचलं, "पंखाखाली फवाऱ्याच्या नळ्या दिसतात. हे खरंखुरं 'बसंत' विमान. आपल्याच देशात असली जेमतेम चाळीस बनली. झेंडेवाल्याचं नाव कळवा." "मावशी, नाव सांगा," मॅडम म्हणाल्या. नवऱ्याचं नाव मिराबाईनं जन्मात तोंडानं घेतलं नव्हतं. "मॅडम, अक्षरं तुमीच शिकवली, लई उपकार तुमचे. फोन इकडं द्या." तिनं एकेक अक्षर जुळवत नाव लिहिलं, डोळे पुसले आणि फोन नायकापुढं धरला. "आता तुमी वाचा, नायक. मोठ्यानं." नायक खाकरला. "किसनसिंग."