आतली कड

"हे झिजलेलं नाही, ताई. घासलेलं आहे."

दुकानदारानं बूट उलटा केला आणि टाचेच्या आतल्या कडेवरून अंगठा फिरवला. पळून झिजलेलं रबर गुळगुळीत असतं. इथं बारीक रेघा होत्या, सगळ्या एकाच दिशेच्या, दोन्ही बुटांना सारख्याच. "कानस मारलीय कुणीतरी. रोज थोडी थोडी. हाताला सफाई आहे हं! आतली कड गेली की पाऊल आत कलतं आणि सगळा ताण नडगीवर. मग दुखेल नाही तर काय? हे फेकून द्या. नवे घालून पळणं हळूहळू वाढवत न्या, पंधरा दिवसांत नडगी आहे हेसुद्धा विसराल."

भरतीची धावचाचणी अठरा दिवसांवर होती. दुकानातल्या या ताईला घरी वहिनी म्हणत, आणि म्हणणारी एकटी नणंद. दोघी सुरक्षारक्षकाच्या नोकरीसाठी तयारी करत होत्या. सोळाशे मीटर, ठरलेल्या वेळेत. निवड झाली तर नऊ महिने दुसऱ्या शहरात प्रशिक्षण आणि मग हक्काचा पगार. नणंदेला पुढच्या वर्षीही संधी होती. वयाच्या अटीमुळे वहिनीची ही शेवटचीच.

तीन महिन्यांपूर्वी वहिनी अर्धी फेरी पुढे असायची. मग नडगी ठणकायला लागली. बर्फ लावून झाला, पोटऱ्या ताणून झाल्या, आठवडाभर विश्रांतीही झाली. फरक शून्य. नवरा रोज संध्याकाळी कोमट तेलानं पाय चोळून द्यायचा. त्याचं चाकांच्या अलाइनमेंटचं गॅरेज होतं. माणूस कामाला इतका चोख, की चुकीचं काम दुसऱ्यानं केलेलंही त्याला बघवत नसे. दिवसभर लोखंडाशी झटणारे ते हात नडगीवर मात्र लोण्यासारखे फिरायचे. "एवढं दुखतंय तर सोड ना," तो म्हणायचा. "मी काय उपाशी ठेवतोय तुला?" वहिनीला भरून यायचं. असा नवरा मिळायला भाग्य लागतं, असं शेजारणीही म्हणत.

नव्या बुटांचा खोका काखेत धरून ती घरी निघाली, तेव्हा तिच्या डोक्यात एकच वाक्य घुमत होतं. काल नणंदच म्हणाली होती, "पायात दोष नसेल गं वहिनी. एकदा बूट दाखवून ये."

हिला कसं कळलं, दोष बुटात आहे ते?

दोघींचे बूट दाराशी शेजारी शेजारी असायचे. वहिनी मागे पडली ती नणंद पुढे गेली तेव्हापासूनच. सगळं जुळत होतं. लोक केसानं गळा कापतात, या बयेनं कानशीनं पाय कापले. वहिनीची तळपायाची आग मस्तकात गेली.

घरी नणंद नुकतीच पळून आली होती. "मिळाले? बघू बघू!" म्हणत तिनं खोका उघडलासुद्धा. मग टॉवेल घेऊन न्हाणीघरात गेली.

वहिनीनं नवऱ्याच्या हत्यारांच्या पिशवीतून कानस काढली. नणंदेचे बूट उचलले. मागच्या गॅलरीत बसून एक बूट गुडघ्यांत दाबला आणि जोर लावला. रबराचा काळा चुरा मांडीवर पडू लागला. लंगड म्हणावं अठरा दिवस. लंगड आणि विचार, काय झालं म्हणून. तिला आनंद होत होता. खोटं कशाला सांगायचं, तीन महिन्यांत पहिल्यांदाच तिची नडगी दुखायची थांबली होती.

"वहिनी!" पाण्याच्या आवाजातून नणंद ओरडली. "उद्या मी पुढे नाही जाणार हं. तुझ्याबरोबरच पळते. नवे बूट आहेत, एकदम वेग घेऊ नकोस."

साखर पेरतेय, वहिनी मनात म्हणाली आणि दुसरा बूट घेतला. याला तिनं आणखी जोर लावला.

दारात सावली पडली. नवरा तेलाची वाटी घेऊन उभा होता. लपवायला काही उरलं नव्हतं. हातात कानस, मांडीवर चुरा, गुडघ्यांत त्याच्याच बहिणीचा बूट.

तो ओरडला नाही. वाटी बाजूला ठेवून शेजारी उकिडवा बसला, तिच्या हातातला बूट घेऊन उजेडात धरला. ओबडधोबड खरवडलेल्या कडेकडे बघून त्याच्या कपाळाला आठी पडली.

"हे काय केलंस?" तो म्हणाला. "एवढं एकदम नाही गं घासायचं. रोज थोडं थोडं, म्हणजे पळणाऱ्याला कळत नाही."