माती न झालेला उन्हाळा

“वाच. त्याच्यासमोरच वाच,” रूलफीन म्हणाली.

यांतीनने पाकीट फोडलं. शेणखताच्या ढिगापाशी तिघं उभी होती: ढिगाच्या तपासणीचा निकाल घेऊन प्रयोगशाळेतून आलेली यांतीन, रूलफीन, आणि कुंपणापलीकडच्या लिलीच्या शेतातून बोलावून घेतलेला शेजारी एग्बर्ट. त्याने टोपी काढून हातात धरली होती.

“ये, लिलीच्या राजा,” रूलफीन त्याला म्हणाली. “तुझ्या फवाऱ्याचं नाव निघू दे, हा कागद आजच नगरपालिकेत देते आणि तुझी शेती बंद पाडते. मग लाव तुझी लिली कॉफीच्या कपात.”

“ऐकतोय, शेजारीणबाई.”

ढीग तिच्या नवऱ्याच्या, लामर्टच्या, शेवटच्या उन्हाळ्यातला होता. त्या उन्हाळ्यात लामर्टचं मानेखालचं अंग लुळं पडलं. घर आणि गोठा एकाच छपराखाली. मधे एक दार. दाराच्या अलीकडे त्याचा पलंग, पलीकडे अकरा गाई. एग्बर्ट दर शनिवारी यायचा, त्याची दाढी करायचा, गावातल्या खबरी सांगायचा.

लामर्टच्या खताचं गावात नाव होतं. त्याच्या ढिगाची माती हातात घेतली तर जंगलातल्या वाटेसारखा वास यायचा. त्या उन्हाळ्यातला ढीग मात्र कुजेना. काडी काडीच राहिली. शेणाचा उग्र दर्प डोळ्यांत चढायचा, दाराखालून आत यायचा, पलंगाशी येऊन थांबायचा. लामर्ट रोज विचारी, “झाली का गं माती?” रोज ती म्हणे, “होईल.”

माती व्हायच्या आधी तोच गेला.

त्या गावात मेलेल्याला शेजारी खांदा देतात. एग्बर्ट काळा कोट घालून आला, तेव्हा रूलफीनने त्याला फाटकातच अडवलं. “लिलीवरच्या औषधाने त्याचा ढीग मारलास. आता त्याला हात लावायचा नाही.” एग्बर्ट रस्त्याच्या कडेला उभा राहिला, आणि त्याच्यासमोरून चार परके लोक लामर्टला घेऊन गेले.

वर्ष उलटलं. पलंग रिकामा झाला, दर्प मात्र येतच राहिला. सकाळी गाईंची धार काढताना रूलफीनला दारापलीकडून अजून ऐकू येई, झाली का गं माती?

“शेणातला हा झोंबरा वायू असतो ना, मावशी,” यांतीन सांगत होती, “त्याचं पिकाला लागेल असं अन्न करणारे बारीक जीव असतात. या ढिगात ते जवळजवळ नाहीतच.”

“कोणी मारले, ते बोल.”

यांतीनने पान उलटलं. “लिलीवरचं काही सापडलं नाही. जे सापडलं ते शेतात मारतच नाहीत. ती गोठ्यातली पावडर आहे. शेणावर भुरभुरतात, माशांच्या अळ्या मराव्यात म्हणून. आणि एकदा-दोनदा नाही. कोणीतरी रोज टाकलीय, मूठमूठ.”

वारा पडला होता. गोठ्यात एक गाय साखळी ओढत होती.

एग्बर्टने मधल्या दाराकडे पाहिलं. मग टोपी डोक्यावर चढवली.

“माझ्याकडूनच उडून आली असेल,” तो म्हणाला. “तसं लिही, पोरी.”

“पावडर? कुंपणापलीकडून? काका, काहीही काय!”

“लिही म्हटलं ना. नगरपालिकेचं मी बघून घेईन.”

रूलफीन ढिगाकडे बघत राहिली. मग ती एग्बर्टजवळ गेली आणि तिने त्याची बाही धरली, घट्ट, पडताना माणूस धरतो तशी.

“तू शनिवारी यायचास. बाकीचे सहा दिवस मी होते,” ती म्हणाली. “तोंडावर बसलेली माशीसुद्धा त्याला हाकलता येत नव्हती रे.”