सुनेचं टेबल

डॉक्टर, तुम्हाला सगळं माहीत होतं. माझ्या बहिणीच्या कपाळावर एकाच बाजूला फोड आले, डोळ्यापर्यंत आग होत होती. कारखान्याच्या दवाखान्यात तुम्ही लांबूनच पाहिलंत आणि म्हणालात, “उष्णता आहे बाई, कोरफड लावा अन् मशीनवर बसा, ऑर्डर निघायचीय.” तिनं भाबडेपणानं कोरफड लावली. जरा गार वाटलं, तशी ती शिवत राहिली. आता त्या डोळ्याला सुईचं नेढं दिसत नाही. मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरीणबाई कडाडल्या, “अहो, ही नागीण! फोडांतून दुसऱ्याला लागणही होते. फोड दिसताच गोळ्या सुरू करायच्या होत्या. कोरफडीनं डोळा वाचतो होय?” काल बहिणीच्या मैत्रिणीनं सांगितलं, बहिणीला पाहिलंत त्याच दुपारी तुम्ही कारखान्यातच शिवलेले कपडे तपासणाऱ्या तुमच्या गरोदर सुनेला बहिणीच्या मशीनशेजारच्या टेबलावरून उठवून थेट दुसऱ्या मजल्यावर बसवलंत. उष्णता काय शेजारणीला लागते? सुनेला का हलवलंत? उत्तर घेतल्याशिवाय मी इथून जाणार नाही.