सेमाडोहचा गरम झुणका

धर्मपाल एसटीतून ड्रायव्हर म्हणून रिटायर झाला आणि बायकोला म्हणाला, "जिंदगीभर लोकाईले फिरवलं, आता तुले फिरवतो." अमरावतीहून परतवाडा, मेळघाट, धारणी आणि मग आडवाटांनी रमतगमत थेट राजस्थान. सुंदराबाई पहाटे चारला उठली, तीस वर्षं त्याच्या ड्यूटीसाठी उठायची तशीच, आणि भाकरीचा डबा बांधून गाडीत बसली. तिचा डबा कधी उरून घरी आला नव्हता, याचा तिला कोण अभिमान.

घाटात गडी प्रत्येक वळणावर थांबला. माकडं दाखवली, दरी दाखवली, नसलेला एक वाघही दाखवला. सेमाडोह आलं तशी मात्र त्यानं गाडी दामटली.

"काहून पळवून राहिले? मले चहा प्याचा हाय."

थांबावंच लागलं. टपरीवरची म्हातारी हात पुसत बाहेर आली आणि दोघांना पाहून तिचे डोळेच भरले.

"बरं केलं धर्मपालभाऊ, दुसरं लगन केलं. पयली वारली म्हनून वीस वर्सं माह्या हातचा झुणका खाल्ला बिचाऱ्यानं. कंडक्टरजवळ रोज दोन-दोन डबे, अन् याइच्याजवळ एकबी नाई."

धर्मपालला वाटलं, आता तरी खरा वाघ यावा.

सुंदराबाईनं गाडीतून डबा काढला आणि त्याच्या हातात ठेवला.



"घ्या. पयलीनं जाता जाता करून ठेवला होता."