तेलाची पिल्लं

पिल्लू हातातून निसटायला गेलं, उताणं झालं, आणि नूतनला त्याच्या डाव्या पायाच्या शेवटच्या बोटावर निळा ठिपका दिसला.

तिनं त्याला खिडकीशी नेऊन पाहिलं. शाई होती. त्याच पिंजऱ्यातलं दुसरं पिल्लू उचललं, मग तिसरं. सगळ्यांच्या डाव्या पायावर ठिपका, तोही अगदी मन लावून दिलेला. शेजारच्या पिंजऱ्यातली पिल्लं मात्र कोरी. आठवडाभर ती रोज या पिल्लांची तोंडं उघडत होती. पाय कुणी पाहिले होते?

ठिपके होते ते तेलाच्या पिल्लांना. देवपुरातल्या त्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत पांढऱ्या उंदरांच्या दोनच जाती होत्या: डोसाची पिल्लं आणि तेलाची पिल्लं. डोसाच्या पिल्लांना रोज सकाळी नऊ वाजता तेलात कालवलेल्या कीटकनाशकाचा एक थेंब मिळे, तेलाच्या पिल्लांना नुसतं तेल. पुढे ती मोठी झाली की दोन्हींचं रक्त तपासायचं. लहानपणी पोटात गेलेलं मोठेपणी रक्तातल्या साखरेत, चरबीत कुठे आणि कसं उमटतं ते पाहायचं. नूतनचा सगळा प्रबंध या दोन पिंजऱ्यांमधल्या फरकावर उभा होता.

आणि फरकच येत नव्हता. पहिल्या खेपेला तेलाच्या उंदरांचं रक्तही डोसाच्या उंदरांइतकंच बिघडलेलं निघालं. नूतननं यंत्राला दोष दिला, रसायनांना दिला, खाद्य बदललं, पाणी बदललं. ‘नाचता येईना, अंगण वाकडं,’ तिचे गाइड पितांबर सर सगळ्यांदेखत म्हणाले होते. ही खेपही तशीच गेली तर विषय सोडायचा, हेही त्यांनी सांगून टाकलं होतं. तीन वर्षांचा विषय. यावलहून आई फोनवर विचारायची, ‘उंदीर झाले का गं मोठे?’ आणि नूतनला तो फोन भिंतीवर आपटावासा वाटायचा.

“अक्का,” तिनं हाक मारली, “हे ठिपके कुणी दिले?”

ताईबाई मोकळ्या पिंजऱ्यात ताजा भुसा पसरत होत्या. पिंजरे धुणं, भुसा बदलणं, बाटल्या विसळणं ही त्यांची कामं, आणि त्यात बोट ठेवायला जागा नसे.

“मीच दिधात,” त्या मान वर न करता म्हणाल्या. “डोस पाजा का ठिपका. पोलिओना बूथवर बी आम्ही असंच करतस. नही ते एकच पोऱ्याले दोनदा जास.”

नूतनला क्षणभर काही कळलं नाही. मग कळलं, आणि कळलं नसतं तर बरं, असं वाटलं.

“कुठला डोस?”

“तुमनाच. तुम्ही वर्गावर गयात का बाटलीमा थोडा उरेल राहास ना, तो. त्या पिंजरावाल्यासले डोस, आनि ह्या बिचारासले नुसतं तेल. ह्यासनी काय पाप करं?”

“मागच्या खेपेलाही दिलात?”

“रोज. बठ्ठासले. एकबी सोडं नही.”

हे त्यांनी ज्या अभिमानानं सांगितलं, तो नूतनला ओळखीचा होता. आपल्या गल्लीतलं एकही मूल पोलिओच्या रविवारी चुकलेलं नाही, हे ताईबाई असंच सांगत.

नूतन स्टुलावर बसली. दोन्ही खेपा गेल्या. यंत्र ठीक होतं, रसायनं ठीक होती, तिचा हातही ठीक होता, आणि तरी सगळं पाण्यात गेलं होतं. पहिल्या दिवशी ताईबाईंनी विचारलं होतं, ‘हाई काय पाजतस, ताई?’ तिनं मान वर न करता ‘डोस’ एवढंच सांगून मोकळं केलं होतं. विष म्हटलं असतं तर अक्कांनी पिंजऱ्याला हात लावला नसता, आणि समजावत बसायला वेळ कुणाला होता? ती आठवण आता तिला नको होती. तिला कुणावर तरी ओरडायचं होतं, आणि समोर एकच माणूस होतं.

“अक्का, तीन वर्षांची माती केलीत तुम्ही माझ्या. ते औषध नाहीये. विष आहे ते. कपाशीवर फवारतात ते विष.”

ताईबाईंचा हात भुशातच थांबला. त्यांनी तो बाहेर काढला, बोटांकडे पाहिलं, पदराला पुसला, पुन्हा पुसला. आता त्या रडतील, माफी मागतील, असं नूतनला वाटलं. तशी ती वाटही पाहत होती. ताईबाईंनी आधी ठिपक्याच्या पिल्लांकडे पाहिलं. मग कोऱ्या पिल्लांकडे पाहिलं, आणि तिकडेच बराच वेळ पाहत राहिल्या.

“माले माहीत नव्हतं, ताई,” त्या हळू आवाजात म्हणाल्या. “मी ते औषध समजीसन दिधं.” मग त्यांनी नूतनकडे पाहिलं. “तुम्ही काय समजीसन देत व्हतात?”

भिंतीवरच्या घड्याळात नऊ वाजले होते. नूतनच्या तळहातावरच्या पिल्लानं सवयीनं तोंड उघडलं.