भातुकलीतला चहा

"टॉर्च हलवू नकोस गं!" गाडीखालून नवरा ओरडला. जुना रेडिएटर एकदाचा निघाला होता. त्यातलं हिरवं कूलंट त्याने माझ्या मागेच टबात काढून ठेवलं होतं. ते विषारी असतं, म्हणून मी त्यावर आठवणीने पाट झाकला होता. अंगणात लेकीची भातुकली रंगली होती.

"आई, चहा घ्या."

तिचे कप नेहमी रिकामेच असतात. गाडीखालची नजर न काढता मी तो इवलासा कप ओठांना लावला, "वा, फक्कड!" म्हणायला.

ओठ ओले झाले. गोड लागले.

मी थुंकले. हातातला टॉर्च पडला. वळून पाहते तर टब उघडा. पाट तिने पाहुण्यांना बसायला मांडला होता.

"तू प्यायलीस? सांग, किती प्यायलीस?" मी तिची जीभ बघत किंचाळले.

ती रडवेली झाली. "नाही गं! आधी पाहुण्यांना द्यायचं, मग आपण घ्यायचं. तूच सांगतेस ना?"

तिच्या दुसऱ्या हातात तिचा कप होता. काठोकाठ भरलेला, हिरवागार.