खंडेनवमीची सायकल

कृष्णातनं पाठीवरची बॅग मोरीत उपडी केली आणि अंजनानं पदर नाकाला लावला. बॅगेत खताची पिशवी, पिशवीत ससा. डोळे उघडेच.

“बघत काय बसलीस? पाणी वत. आदी सायकल धू, चिखल वाळला की गिअरात बसतोय.”

अंजना गुडघ्यावर हात ठेवून उठली. तिला त्या वासाची शिसारी होती. साबण लावा, राख लावा, जेवताना हात तोंडाशी नेला की वास पुन्हा हजर.

दारात शिवांजली उभी होती. अकरा वर्षांची पोर आज पहिल्यांदा बापाबरोबर डोंगरावर गेली होती. शाळेत काय शिकवलं ते सांगावं तसं ती म्हणाली, “आई, सशिणीच्या पोटात पिल्लं हुती. तीन. अण्णांनी काढून झुडपात टाकली.”

अंजनानं तांब्या खाली ठेवला.

“म्होरच्या रविवारी सुरी हिच्या हातात,” कृष्णात खूष होऊन म्हणाला. “फौजेत भीती अशीच मोडत्यात.”

“आवं, पोर हाय ती. तिला नगा न्हेऊ.”

“तू गप. तुला काय कळतंय?”

हवालदार म्हणून रिटायर होऊन कृष्णात गावी आला, उसाचं रान भावाला कसायला दिलं आणि ही जाड टायरची सायकल घेतली. गावाला वाटलं, गड्यानं तब्येत जपलीय. डोक्यावर हेल्मेट, अंगाला चिकटलेली चड्डी, पाठीवर बॅग. शाळेनं त्याला व्यायामावर भाषण करायला बोलावलं होतं! पण खरी गोष्ट अशी, की मोटारसायकलचा आवाज डोंगरात दोन कोसांवर जातो आणि सायकलचा शेजारच्या झुडपालासुद्धा कळत नाही. ठासणीच्या बंदुकीची नळी काळी टेप गुंडाळून सायकलच्या दांडीखाली बांधलेली असायची. दस्ता बॅगेत. वनरक्षक मानसिंग वाटेत भेटला तर हात वर करून म्हणायचा, “हवालदारसाहेब, आमच्या पोरांना जरा शिकवा की!” कृष्णातच्या फोनवरच्या सायकल ग्रुपवर हा मानसिंगही होता. चोराच्या हातात जामदारखान्याच्या किल्ल्या म्हणतात, ते हे.

बंदूक घरी आली की माळ्यावर जायची. कातडीही तिथंच, मीठ चोळून वाळत. पहिलं कातडं वर गेलं त्याच आठवड्यात अंजनाचा गुडघा धरल्याचं सगळ्या आळीला कळलं. कराडच्या डॉक्टरनं एक्स-रे काढला, त्याला काही सापडलं नाही, त्यानं गोळ्या दिल्या. गुण आला नाही. तेव्हापासून तिनं शिडीला पाय लावला नव्हता. माळ्यावरचं काही हवं असलं तर कृष्णात कुरकुरत काढून द्यायचा.

गुरुवारी खंडेनवमी आली. कृष्णातनं पहाटेच हातपाय धुऊन, माळ्यावर जाऊन बंदुकीला हळदकुंकू वाहिलं. हत्याराची पूजा चुकवणं फौजी माणसाला जमायचं नाही. मग सायकल अंगणात भिंतीला टेकवून त्यानं तिला झेंडूचा हार घातला. त्याचा शिकारीतला जोडीदार पप्पू फवारणीचा पंप मागायला आला, घरात शिरून पाणी पिऊन गेला. शिवांजली आत्याकडं फुलं द्यायला गेली.

“मी अंघोळ करतो,” कृष्णात म्हणाला. “तू बाकीचं पुजून घे. आन् सायकलीचा झ्याक फोटो काढून ग्रुपवर टाक, माझ्याच फोनवरनं. येतंय न्हवं?”

“शिवीनं शिकवलंय.”

तिनं विळे, कुऱ्हाडी, खोरं सायकलपुढं ओळीनं मांडलं. घरातल्या एकूण एक हत्याराला कुंकू लावलं, फूल वाहिलं. फोटो काढला, ग्रुपवर टाकला. मग फोन चार्जिंगला लावला आणि पुरण वाटायला बसली.

दुपारी कृष्णात दुसरी पोळी मोडत होता तेव्हा दारात जीप थांबली. मानसिंग आणि आणखी तिघं. आज मानसिंगनं हात वर केला नाही. त्यानं फोन पुढं धरला.

फोटोत सायकल, सायकलला हार, आणि हाराखाली कुऱ्हाडीशेजारी, कुंकवाचा टिळा लावून, बंदूक.

“हवालदार, पूजा करावी,” मानसिंग म्हणाला, “पण इतकी?”

माणसं शिडीनं वर गेली. बंदूक माळ्यावरच होती, जिथल्या तिथं. दस्त्यावर झेंडूचं फूल. बाजूला नऊ कातडी. एक जण नाकावर रुमाल धरून खाली आला आणि अंगणात जाऊन थुंकला.

“खाली आणली कुणी?” कृष्णात ओरडला. “मी तर वरच पुजली हुती!”

“फोटो कुणी काढला?”

“हिनं. पण हिला काय इचारताय, हिला शिडी चढता येत न्हाई! दोन वरसं गुडघा धरलाय, कराडच्या डॉक्टरला इचारा. पप्प्या! सकाळी घरात शिरला हुता. त्याचंच काम हे. माझ्याबरूबर शिकार खातोय आन् माझ्याच मुळावर उठलाय!”

मानसिंगनं खिशातनं वही काढली. “पप्पू कोण? पुरं नाव सांगा.”

कृष्णातला, बंदूक आणि कातडी घेऊन जीप गेली. मागच्या बाजूला सायकल हारासकट आडवी टाकली होती. शिवांजली आईला बिलगली.

“आई, रविवारी मला जायला लागंल?”

“न्हाई गं बाय.”

“आन् वरचा वास?”

अंजनानं बादलीत फिनेल ओतलं, खराटा काखोटीला मारला, पदर खोचला, आणि बादली हातात धरून ती शिडी दोन-दोन पायऱ्या टाकत चढून गेली.